हुरड्याच्या दिवसांतली दिल्ली

यंदा हुरडा जरा लवकर आला. टेंभुर्णीजवळ आईचं माहेर आहे. तिथून तिच्या भाच्याने एसटीच्या कंडक्टरजवळ पिशवी दिली आणि मला फोन केला. मी स्टँडवर जाऊन ती घेऊन आले. गाठ सोडली तसा ओल्या, हिरव्या दाण्यांचा वास स्वयंपाकघरभर पसरला. मूठभर दाणे तव्यावर परतले, वर मीठ टाकलं, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि उभ्या उभ्याच घास तोंडात टाकला. गोड लागला. मग लक्षात आलं, की गोड लागला हे आपल्याला कळलं.

मागच्या वर्षी याच शेतातला हुरडा याच तव्यावर परतला होता. तो कसा लागला ते मला सांगता येणार नाही. त्या साऱ्या हंगामाचंच तसं आहे. ऊन होतं, पण ऊब आठवत नाही. माणसं येत-जात होती, त्यांचे आवाज आठवत नाहीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या धाकट्या भावाचा, विलासचा टॉवेलचा कारखाना होता. तिथल्या शेडमध्ये मी कधी थोडा वेळ उभी राहिले, की बाहेर आल्यावर कानांत मागांचा नुसता घुमारा भरलेला असायचा. समोरचा माणूस बोलतोय हे दिसायचं, शब्द मात्र लांबून, पाण्याखालून आल्यासारखे यायचे. मागचा हिवाळा मी तसा काढला, शेडमधून नुकतंच बाहेर आल्यासारखा.

घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही. विमा कचेरीत नोकरी केली, निवृत्त झाले. आई नव्वदीला टेकली आहे. मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि ती न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून घरी आणली तेव्हा ती निम्मी झाली होती. आणि नेमक्या त्याच दिवसांत, मार्गशीर्षातल्या एका दुपारी, विलास कारखान्यात मागाजवळ उभा असताना खाली बसला तो उठलाच नाही. 

आईला लगेच सांगू नका, असं तिचे डॉक्टर म्हणाले. जरा अंगात शक्ती येऊ दे, मग सांगा. ते म्हणाले ते खोटं नव्हतं. पण जरा म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. विलासला पोचवून आले, डोक्यावरून पाणी घेतलं, केस पुसून कोरडे केले आणि आईच्या खोलीत जाऊन तिला पेज भरवली. विलास कामासाठी सुरतेला गेलाय, असं मी म्हणाले. पेज गरम आहे का, तिने विचारलं. नाही, म्हणाले.

विलासची बायको शैला दिवस-पाणी झाल्यावर एकदा आईला भेटायला आली. जिन्याखाली उभी राहून तिने पर्समधून मंगळसूत्र काढलं, गळ्यात घातलं, कपाळावर टिकली लावली आणि वर आली. आईजवळ बसून कारखान्याच्या, सुताच्या भावाच्या गोष्टी बोलली. जाताना जिन्याखालीच तिने ते सगळं काढून ठेवलं. वरून कठड्याला धरून मी पाहत होते. त्यानंतर तिचा फोन आला. "ताई, मला हे पुन्हा जमणार नाही," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हणाले. मला तिची दया यायला हवी होती. काहीच आलं नाही.

आई रोज विचारायची, विलास कधी येणार. मी रोज काहीतरी सांगायची. एका दुपारी ती गॅलरीत उन्हाला बसली होती, पायावर शाल होती. तिने पुन्हा तेच विचारलं आणि माझ्याजवळ त्या दिवसापुरतं काही उरलंच नव्हतं. मी उठले, आत गेले, कपाटाचं दार उघडलं. काय शोधायला उघडलं ते मला माहीत नव्हतं. वरच्या फळीवर साडीचं जुनं खोकं दिसलं. त्यात अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दिल्लीचे फोटो होते. तेच घेऊन मी बाहेर आले आणि म्हणाले, "आई, हे बघू या का?"

अण्णांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. लग्न झालं तेव्हा ते दिल्लीला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. आई त्यांच्यामागून गेली तेव्हा ती सतरा-अठराची होती. टेंभुर्णीच्या पलीकडे तिने गाव पाहिलं नव्हतं. आमच्या जन्माआधीच ते दोघे सोलापूरला परत आले. म्हणजे दिल्ली हे आमच्या घरातलं असं प्रकरण होतं, की ज्यात आम्ही भावंडं नव्हतोच. खोकं घरात होतं, पण नीट बसून ते कधी कोणी पाहिलं नव्हतं.

फोटो लहान, तळहाताएवढे. कडा कातरलेल्या, पांढऱ्या. अण्णांनी एक साधा डबा कॅमेरा घेतला होता आणि ते सुटीच्या दिवशी तो गळ्यात अडकवून हिंडायचे. पहिला फोटो हाती आला त्यात काहीच नव्हतं. उजाड माळ, झुडपं, आणि लांबवर हातात बांबू धरून उभा असलेला एक माणूस. मी तो उलटा-सुलटा करून पाहिला. आईने हात पुढे केला, फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हितं रस्ता हाय," ती म्हणाली.

"कुठे आहे?"

"तवा न्हवता. ह्यांनी कागदावर काढला हुता. मला उभं करून सांगायचे, हितनं रस्ता जाणार, हितं बाग हुणार, तितं परदेशी लोकांचे बंगले. मला नुसती झुडपं दिसायची. माझ्या बाच्या रानागत."

त्या दुपारी तिने विलासचं नाव पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी होऊनच खोकं घेऊन बसले. मग तो आमचा परिपाठच झाला. जेवणं झाली की गॅलरीतलं ऊन, हुरड्याची वाटी, आणि एक-दोन फोटो. 

शाळेत आम्ही शिकलो ती पन्नाशीच्या दशकातली दिल्ली म्हणजे भाषणं, करार आणि धरणांचे आराखडे. अण्णांच्या फोटोंतल्या दिल्लीत मोठी माणसं नव्हती. तिथे चुन्याचा रंगही न सुकलेले क्वार्टर्स होते, एकाला लागून एक, आगपेट्या मांडल्यासारखे. त्या वसाहतीला तेव्हा विनय नगर म्हणायचे. आई-अण्णांना तिथे एक खोली आणि मागचं अंगण मिळालं होतं. एका फोटोत सकाळचा रस्ता आहे आणि त्यावर नुसत्या सायकली. पायजम्याला चिमटे लावलेले, डबा हँडलला अडकवलेले कारकून, शेकड्यांनी, सगळे एकाच दिशेला चाललेले. मी तो फोटो बराच वेळ हातात धरला होता. कारखान्यांची पाळी सुरू होण्याच्या वेळी अक्कलकोट रोडवर अशीच गर्दी असते. विलासच्या अंत्ययात्रेला त्याचे कामगार तसेच आले होते, आणि स्मशानाच्या भिंतीला सायकली ओळीने टेकवून ठेवल्या होत्या. मी आईला म्हणाले, किती सायकली ना. व्हय की, म्हणाली.

एका फोटोत फटफटी होती. मोटरसायकलच्या मागे गाडा जोडलेला, त्यात माणसं कोंबलेली. तिच्यात बसून चांदणी चौकात जाताना आईचा पदर चाकात अडकून फाटला होता, आणि एका म्हाताऱ्या मुसलमान शिंप्याने दुकानात बसवून तो तिथल्या तिथे शिवून दिला होता. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचे तर किती फोटो होते, पण अण्णा बुटके. सगळ्या फोटोंत लोकांच्या पाठी, फेटे, टोप्या, खांद्यावर बसवलेली पोरं. एका फोटोच्या वरच्या कडेला हत्तीची सोंड तेवढी आलेली. "ह्यांना मुंडकीच दिसली सगळ्या जन्मात," आई म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मीही चेहऱ्याने हसले.

उन्हाळ्यातल्या पहाटेचा एक फोटो आहे. अख्ख्या गल्लीत बाजा टाकलेल्या, पांढऱ्या चादरी, कोणाचा पाय बाहेर, कोणाचा हात लोंबलेला. लाहोरचे, कराचीचे, मुलतानचे, आणि एक माढा तालुक्यातली माझी आई, सारे उघड्यावर ओळीने झोपलेले. देश नुकताच मोडून पुन्हा मांडला होता आणि राजधानी रस्त्यावर झोपत होती. अण्णांनी तो फोटो का काढला असेल? नकाशात कुठे माणसं काढायची नसतात, म्हणून असेल कदाचित.

मी फोनवर विनय नगर शोधलं. ते नाव केव्हाच गेलं आहे. आता दुसऱ्याच नावांनी ओळखतात त्या भागाला, आणि ते जुने क्वार्टर्स पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहताहेत. पाडलेल्या भिंतींचे, ढिगाऱ्यांचे फोटो होते, रंगीत, लख्ख. मी ते आईला दाखवले नाहीत. ज्या गोष्टी तिला दाखवायच्या नाहीत त्यांत आणखी एकीची भर पडली, एवढंच.

असे दिवस गेले. संक्रांत झाली. हुरडा संपला, दाणा टणक झाला, आणि टेंभुर्णीकडे ज्वारीची काढणी सुरू झाल्याचं आईच्या भाच्याने कळवलं. आई काठी घेऊन गॅलरीपर्यंत स्वतः चालू लागली होती. आता सांगायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली आणि सांगितलं नाही. कारण तिने विचारणंच सोडलं होतं. विलास कधी येणार, हा प्रश्न केव्हा बंद झाला ते माझ्या नीट लक्षातही आलं नाही. मला फक्त सुटल्यासारखं झालं होतं. वाटलं, म्हातारपण आहे, विसरत असेल. विसरत असेल तर बरंच आहे.

खोक्याच्या तळाशी एक फोटो राहिला होता. हिवाळ्यातलं ऊन, मागे अर्धवट बांधलेली भिंत, जमिनीत पुरलेला गल्लीचा तंदूर. त्याच्याशेजारी बाजेवर एक पंजाबी बाई बसली आहे, डोक्यावरून ओढणी, हातात विणकामाच्या सुया. तिच्यासमोर खाली एक मुलगी बसली आहे, दोन्ही हात पुढे धरून, आणि त्या हातांवर लोकरीची लड. ती मुलगी म्हणजे आई. मी तिला ओळखलं ते नऊवारीवरून.

"ही कोण?"

"बीजी." आईने फोटो मांडीवर ठेवला. मग बराच वेळ ती बोलत राहिली. तिचं सगळं बोलणं मला इथे जसंच्या तसं देता येणार नाही, पण जे कळलं ते असं.

बीजी लायलपूरकडची. फाळणीत निघाली तेव्हा वाटेत तिचा मुलगा चुकला. पाली त्याचं नाव, दहा वर्षांचा. तिच्या नवऱ्याचं, सरदारजींचं, वसाहतीच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दर रविवारी दुकान बंद ठेवून तो निर्वासितांच्या कचेरीत चौकशीला जायचा, आणि घरी येऊन बीजीला सांगायचा, की शोध चालू आहे. बीजी दर हिवाळ्यात पालीसाठी एक स्वेटर विणायची. तो आता केवढा झाला असेल, हे ठरवायला गल्लीतल्या त्याच्या वयाच्या पोरांना उभं करून ती माप घ्यायची आणि टाके वाढवायची. हिवाळा संपला की तो स्वेटर कोणाला तरी देऊन टाकायची आणि पुढच्या थंडीत नवा, मोठा सुरू करायची. आईला तिनेच सांभाळलं. थंडीत मडक्यात निखारे कसे ठेवायचे ते शिकवलं, बाजारातली हिंदी शिकवली. आईच्या हातावर थापलेल्या भाकरीचं तिला फार नवल. ती तंदूरची रोटी द्यायची आणि भाकरी न्यायची.

मग त्यांच्या गावचा एक माणूस दिल्लीत भेटला आणि त्याने बीजीच्या नवऱ्याला सांगितलं, की पाली त्याच प्रवासात गेला. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. नवऱ्याने ते अण्णांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांना हात जोडले, की हिला कळू देऊ नका, ही जगायची नाही. गल्लीने ते पाळलं. स्वेटर विणला गेला की सगळ्या बाया म्हणायच्या, छान झालाय, पालीला शोभेल. आईही म्हणायची.

"एका दिवशी अशीच लड धरून बसले हुते," आई म्हणाली. "ती गुंडाळत हुती. मान खालीच. म्हणली, मला ठावं हाय. पाली न्हाई."

"तिला कोणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. सरदारजी रविवारचे जायचे बंद झाले. तेवढ्यावरनं." आई थांबली. "मी म्हणलं, मग तुमी इचारत का न्हाई? ती म्हणली, इचारलं तर त्यांना सांगावं लागंल. माझ्यासाठी सगळी गल्ली येवढी राबती हाय."

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी आईकडे पाहिलं नाही, फोटोकडे पाहत राहिले.

"सुमे," आई म्हणाली, "तूबी नोकरी केलीस, घर केलंस. सगळ्या जन्मात दुपारची माझ्याजवळ बसली न्हाईस कधी. तू हे खोकं काढलंस, तवाच मला कळलं."

माझे ओठ हलत नव्हते. दात काढताना डॉक्टर सुई टोचतात, मग आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो. तसं माझं सगळं तोंड झालं होतं.

"बीजी आमी असतानाच गेली," आई म्हणाली. "ती कधी रडली न्हाई. लेकासाठी एकदाबी न्हाई. रडायला बसली असती तर सगळ्यांचं लबाड उघडं पडलं असतं. तिला रडूच दिलं न्हाई कुणी." मग तिने फोटो खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि काठी ओढून घेतली. "मला तसं न्हाई मरायचं. पाणी तापव. डोक्यावरनं घाल मला."

मी गिझर लावला. प्लास्टिकच्या स्टुलावर तिला बसवलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर मी तिचं अंग ओल्या फडक्याने पुसत असे. डोक्यावरून पाणी तिने घेतलंच नव्हतं. नेसत्या लुगड्यानिशी बसली. मी पहिला तांब्या ओतला तेव्हा तिने डोळे मिटले, दुसऱ्याला तिच्या तोंडून विलासचं नाव आलं. हाक मारावी तसं नव्हे, नुसतं नाव. मग ती रडू लागली. आवाज मोठा नव्हता, पण थांबतही नव्हता. पाणी माझ्याही अंगावर, केसांवर उडत होतं. मी ओतत राहिले. गिझरमधलं गरम पाणी संपलं, कोमट आलं, तेव्हा तिने हाताने थांबवलं.

तिचे केस पुसले, कोरडं लुगडं नेसवलं, आणि शैलाला फोन केला. आई बोलावते आहे, म्हणाले. आणि पुढे सांगितलं, "तिला माहीत आहे. तू जशी आहेस तशीच ये."

शैला तासाभरात आली. जिन्याखाली थांबली नाही. मोकळा गळा, मोकळं कपाळ, खांद्याला कारखान्यात न्यायची पिशवी. आता माग तीच चालवते. ती खोलीत आली आणि दाराशीच उभी राहिली. आईने पलंगावर शेजारची जागा हाताने दाखवली. ती बसली. आईने तिच्या गळ्यावरून हात फिरवला.

मग आईने विचारलं, "त्या दिवशी जेवला हुता का गं त्यो?"

शैलाने मान हलवली. जेवणाची सुटी व्हायच्या आधीच सगळं झालं होतं. डबा तसाच परत आला होता. तो तिने कोणालाही धुऊ दिला नाही, हे त्या दिवशी तिने पहिल्यांदा सांगितलं.

"काय दिलं हुतंस?"

"भाकरी. मेथी." शैला म्हणाली. "त्यांना मेथी आवडायची नाही, आई. त्या दिवशी दुसरं काही नव्हतं घरात, म्हणून दिली. सकाळी कुरकुरले होते."

"कवाच आवडली न्हाई त्याला," आई म्हणाली. "ल्हान असताना भाकरीखाली दडवायचा आणि ताट सरकवून पळायचा."

शैला हसली, आणि हसता हसता तिने आईच्या मांडीत डोकं घातलं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत विलासच्या लहानपणीच्या गोष्टी सांगू लागली, त्यातल्या कितीतरी मला माहीत नव्हत्या. मी चहा ठेवायला उठणार होते. उठले नाही. माझे केस ओले होते, मानेवरून पाणी पाठीत उतरत होतं, आणि मला थंडी वाजत होती.